बोटावरचा आकडा कोणाचा?

साताऱ्यात किंवा सांगलीत, कऱ्हाडात किंवा विट्यात, थोड्याफार बऱ्या स्थितीतल्या घरी कपाटाचा खण उघडला, तर जुन्या औषधांच्या पाकिटांखाली बोटाला लावावयाचा एक छोटा चिमटा आजही सापडतो. त्यातील सेल बहुधा गळून गेलेले असतात. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत याच चिमट्याभोवती सारे घर जीव मुठीत धरून उभे होते. ९७ दिसले की आई स्वयंपाकाला लागत होती आणि ९१ दिसले की मुलगा गाडी शोधावयास धावत होता. साथ ओसरली, चिमटा खणात गेला, आणि त्याच्याबरोबर एक मोठा सार्वजनिक प्रश्नही आपण खणात टाकून दिला. माणसाच्या देहाची खबर घेणे, म्हणजे त्याचा ताप, नाडी, श्वास, रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायू वेळच्या वेळी मोजणे, हे काम कोणाचे? ज्याच्या खिशात पैसा आहे त्या कुटुंबाचे, की समाजाचे? साथीच्या ऐन भरात असले प्रश्न विचारावयास कोणाला उसंत नसते. म्हणून ते आज विचारले पाहिजेत.

प्रथम यंत्राविषयी दोन शब्द. ज्या साधनाविषयी आपण चार लोकांपुढे बोलणार, ते कसे चालते हे कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे, एरवी आपले बोलणे नुसत्या घोषणाबाजीवर जाते. पल्स ऑक्सिमीटरचे मूळ तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ मध्ये मांडले. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूने भरलेले असले की ते तांबडा प्रकाश कमी शोषते आणि प्राणवायू उतरवून रिते झाले की अधिक शोषते. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या बाबतीत याच्या उलट घडते. हे दोन्ही प्रकाश बोटाच्या एका बाजूने सोडावयाचे आणि दुसऱ्या बाजूला किती पोहोचले ते पाहावयाचे. कातडी, हाड आणि नख जागच्या जागी असतात. नाडीच्या ठोक्याबरोबर धमनीतील रक्त तेवढे कमी-अधिक होते, आणि त्या हेलकाव्यावरूनच यंत्र आपले गणित करते. आओयागी यांच्या मूळ प्रयोगात नाडीचा हा हेलकावा म्हणजे एक नको असलेला अडथळा होता. त्या अडथळ्यातूनच त्यांनी मोजमापाची वाट काढली. १९८० च्या दशकात शस्त्रक्रियागृहांत रूढ झालेले हे साधन पुढे चिमट्याएवढे झाले आणि बाजारात आले. आओयागी एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे साऱ्या जगाला त्यांच्या कल्पनेची सर्वांत अधिक गरज पडली त्याच महिन्यात, निवर्तले.

परंतु हा आकडा नेमके काय सांगतो? निरोगी माणसात तो साधारण ९५ ते १०० असतो, हे २०२१ पासून शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तो कशाचा आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. एसटीच्या आगारातून सुटलेल्या गाड्यांत शंभरातील अठ्ठ्याण्णव आसने भरली आहेत, एवढेच तो सांगतो. आगारातून मुळात गाड्या किती सुटल्या, हे तो सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलीलिटर प्राणवायू वाहून नेते. ज्या बाईच्या १०० मिलीलिटर रक्तात १३ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे, तिचे रक्त ९८ टक्के भरलेले असताना सुमारे १७ मिलीलिटर प्राणवायू वाहते. साडेसहा ग्रॅमच असलेल्या बाईचे रक्त तेवढेच ९८ टक्के भरलेले असूनही केवळ साडेआठ मिलीलिटर वाहते. चिमटा मात्र दोघींना ९८ चेच प्रशस्तिपत्र देतो! २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. चौथ्या पाहणीत हेच प्रमाण ४८ टक्के होते. डोक्यावर मोळी घेऊन फडातून बाहेर येणारी बाई धापा टाकीत असते आणि बोटावर ९८ दिसतात, म्हणून तिला कोणी ‘काही झाले नाही’ असे सांगितले, तर तो यंत्राचा दोष नव्हे. आकडा वाचावयास शिकविलेले माणूस तेथे नसण्याचा तो दोष आहे.

रंगाचाही एक प्रश्न आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये असे दाखवून दिले की, चिमट्यावर ९२ ते ९६ असा समाधानकारक आकडा दिसत असताना प्रत्यक्ष धमनीतील रक्तात प्राणवायूचे प्रमाण ८८ पेक्षाही खाली गेलेले असण्याचा प्रकार गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा घडला. ज्या समाजात यंत्र घडते, त्या समाजाच्या कातडीचा रंग त्याच्या हिशेबात आपोआप शिरतो. माण-खटावच्या उन्हात रापलेल्या बोटांवर या स्वस्त चिमट्यांची पुरेशी परीक्षा झाली आहे काय, हे विक्रेत्याला आणि सरकारला विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. गार पडलेली बोटे, नखांवरचा रंग, हाताची थरथर या गोष्टींनीही आकडा चुकतो. महाबळेश्वरच्या थंडीत कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याचे बोट आधी चोळून ऊब आणावी आणि मगच मोजावे, हे सांगावयास मोठा तज्ज्ञ लागत नाही. पण कोणीतरी लागतो. श्वास मोजावयास तर यंत्रही लागत नाही. घड्याळ हाती घेऊन एक मिनिट छातीकडे पाहिले की पुरे. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला २४ वर गेला म्हणजे प्रकरण गंभीर वळण घेत आहे, हे कोरोनाच्या सरकारी उपचारपद्धतीतच नमूद केलेले होते. हे साधे, बिनपैशाचे मोजमाप गावोगाव का शिकविले गेले नाही? त्यात कोणाला विक्री करता येत नव्हती, हे त्याचे कारण असावे, असा आम्हांला दाट संशय आहे.

आता आपल्या दोन जिल्ह्यांत काय घडले ते आठवा. मार्च २०२० मध्ये इस्लामपूरचे नाव राज्यभर गाजले. परदेशातून परतलेल्या एका कुटुंबाच्या संपर्कातून दोन डझन माणसे बाधित झाली, आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला साथीची पहिली चाहूल तेथे लागली. त्या प्रसंगी मिरजेच्या शासकीय रुग्णालयाने जे काम केले ते सार्वजनिक यंत्रणेचे काम होते, आणि ते चांगले झाले. त्यानंतर १५ सप्टेंबर २०२० पासून राज्य सरकारने घरोघर तपासणीची मोहीम काढली. आरोग्य कर्मचारी आणि स्वयंसेवक यांची पथके ताप मोजण्याचे व प्राणवायू मोजण्याचे साधन घेऊन दारोदार फिरली; घरात मधुमेह कोणाला, रक्तदाब कोणाला, याचीही नोंद झाली. ताप असलेल्या किंवा प्राणवायू ९५ पेक्षा कमी भरलेल्या माणसाला पुढे तपासणीस धाडावयाचे, असा नियम होता. आम्ही या मोहिमेची कुचेष्टा करणार नाही. स्वातंत्र्यानंतर इतक्या मोठ्या प्रमाणावर माणसांची नाडी पाहण्यास सरकार क्वचितच दारी आले असेल.

आमचा आक्षेप मोहिमेच्या नावावर आहे. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’! दारोदार सरकारी माणसे फिरत होती, पैसा सार्वजनिक होता, काम समाजाचे होते. मग जबाबदारी तेवढी कुटुंबाची का? नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. नावात पुढच्या वर्षाची सारी दिशा होती. २०२१ च्या लाटेत मोजण्याचे काम खरोखरीच कुटुंबाच्या गळ्यात पडले आणि चिमटा बाजारात गेला. एरवी शे-पाचशे रुपयांत मिळणारी वस्तू दोन हजारांच्या घरात विकली गेली. रोजगार हमीवर त्या वर्षी महाराष्ट्रात दिवसाला २४८ रुपये मजुरी होती. म्हणजे मजुराने आठ दिवस माती उपसावी, तेव्हा त्याला आपल्या बापाचा श्वास मोजता यावा! सरकारला जाग आली ती लाट ओसरू लागल्यावर. जूनमध्ये वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला आणि २० जुलै २०२१ पासून ऑक्सिमीटर, थर्मामीटर, रक्तदाब व साखर मोजण्याची यंत्रे आणि नेब्युलायझर यांच्या विक्रीतील नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली गेली. त्या वेळी औषध किंमत प्राधिकरणानेच जाहीर केले की वितरकाच्या खरेदीपासून छापील किंमतीपर्यंतची वाढ काही बाबतींत ७०९ टक्क्यांपर्यंत पोहोचली होती. ज्यांना ही किंमत परवडली नाही, त्यांच्यातील काहींनी मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट टेकवून प्राणवायू सांगणाऱ्या फसव्या ॲपांवर विश्वास ठेवला. त्यांना अडाणी म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबावे.

आणि आकडा हाती आल्यानंतर पुढे काय? मिरज हे दवाखान्यांचे गाव. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी तेथे रुग्णालय उभारल्यापासून दूरदूरचे रुग्ण तेथे येतात. मिरजेत ९१ हा आकडा म्हणजे रिक्षाचे भाडे. हाच आकडा जत तालुक्याच्या पूर्वेस उमदीकडे दिसला तर दोन-तीन तासांचा रस्ता, आणि शिवसागराच्या पलीकडे कांदाटी खोऱ्यात दिसला तर आधी लाँच, मग तापोळा, मग घाट. ज्या पाण्यावर महाराष्ट्रातील कारखाने उजळले, त्या पाण्याने ज्यांच्या वाटा बुडविल्या त्यांना हा आकडा वेगळ्याच अर्थाने वाचावा लागतो. यंत्र सर्वांना एकच आकडा दाखविते. त्याचा अर्थ मात्र अंतर, रस्ता आणि रुग्णवाहिका ठरवितात.

या दोन वर्षांत गावाच्या बाजूने जर कोणी उभे राहिले असेल, तर ती आशा. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमण्यात आली, आणि तिला कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हणण्यात आले. या एका शब्दाने सरकारचे किती रुपये वाचले असतील! तिने घरोघर जावे, संशयितांच्या अंगाला हात लावावा, आकडे वहीत उतरवावेत, रात्री ते मोबाईलवर भरावेत, आणि मोबदला मात्र कामागणिक मोजून घ्यावा. १५ जून २०२१ रोजी राज्यातील आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. आठवडाभरानंतर दरमहा हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मान्य झाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला. सन्मानानंतरही त्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले, तेव्हा कोठे मार्च २०२४ मध्ये राज्याने दरमहा ५,००० रुपयांची वाढ दिली. पाच वर्षांपूर्वीच्या हलाखीच्या मानाने ही वाढ लहान नाही. पण मोजणारीला अजून नोकरी नाही, निवृत्तिवेतन नाही.

येथवर माणसांचे झाले. परंतु आपल्या दोन जिल्ह्यांत घर म्हणजे केवळ माणसे नव्हेत. आटपाडी-माणच्या बाजूला घराची पत दावणीला बांधलेल्या खिलार बैलावरून ठरते, आणि कृष्णाकाठी दुधाच्या पगारावर वाण्याची उधारी भागते. तेव्हा जो प्रश्न ओसरीवर, तोच गोठ्यात. तेथे तर रोगी बोलूही शकत नाही. ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात लम्पी चर्मरोग पसरू लागला आणि पुढच्या काही महिन्यांत तो आपल्याकडेही गोठ्यागोठ्यांतून फिरला. या रोगात अंगावर गाठी दिसण्यापूर्वीच ताप चढतो. गाईचे स्वाभाविक तापमान १०१.५ अंशांच्या आसपास असते, ते १०४ च्या पुढे जाते. म्हणजे ज्याने त्या दिवशी थर्मामीटर लावला, त्याला जनावर वेगळे बांधण्यास, गोचीड-माशांचा बंदोबस्त करण्यास आणि डॉक्टरला बोलाविण्यास काही मोलाचा अवधी मिळाला. गाठी दिसल्यावर जागे झालेल्याला तो मिळाला नाही. सरकारने लस मोफत दिली, हे योग्यच झाले. मृत जनावरांसाठी भरपाईही ठरली: दुभती गाय ३० हजार, बैल २५ हजार, वासरू १६ हजार. मेलेल्या जनावराचे मोल असे रुपयांत ठरले. जिवंत जनावराचा ताप पाहणाऱ्या माणसाची तरतूद मात्र तेवढ्या तत्परतेने झाली नाही.

आमच्या शेतकऱ्याला, आणि त्याहून अधिक शेतकरणीला, जनावराची खबर कळत नाही असे कोणी समजू नये. नाकपुडी कोरडी पडली, कान गार लागले, वैरणीला तोंड लावले नाही, रवंथ थांबला, पान्हा आटला, ही सारी मोजमापेच आहेत, आणि पहाटे धार काढावयास बसणाऱ्या बाईला ती डॉक्टरच्या आधी कळतात. उणीव आहे ती या जाणतेपणाला आकड्याची जोड देण्याची. शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूस बोटे ठेवून गाईची नाडी मोजता येते, थर्मामीटर गुदद्वारात दोन मिनिटे धरता येतो; हे एका दुपारी शिकविता येण्याजोगे आहे. माणसाच्या बोटाचा चिमटा मात्र जनावराच्या कानाला लावून उपयोग नाही. केस आणि काळी कातडी यांतून प्रकाश नीट जात नाही. म्हणून पशुवैद्य शस्त्रक्रियेच्या वेळी तो जिभेसारख्या उघड्या जागी लावतात. शहरांत कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांतून हे नित्याचे झाले आहे. त्याविषयी आमच्या मनात अढी नाही. एखाद्या एकट्या निवृत्त माणसाला त्याचा कुत्रा काय वाटतो, हे ज्याला कळत नाही त्याने समाजवादाच्या गोष्टी करू नयेत. एवढेच की, कुत्र्याच्या शस्त्रक्रियेत जे साधन हाताशी असते ते तालुक्याच्या सरकारी पशुचिकित्सालयातही असावे.

तंत्रज्ञान आपल्याकडे पोहोचलेच नाही, असेही नाही. भिलवडीच्या चितळे डेअरीने जनावरांना इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावून त्यांच्या नोंदी संगणकावर ठेवण्यास फार पूर्वीच सुरुवात केली. गळ्यातल्या पट्ट्यावरून जनावराचे चालणे आणि रवंथ मोजणारी यंत्रेही आता बाजारात आहेत. सरकारनेही जनावरांच्या कानांत बारा अंकी क्रमांकाचे पिवळे बिल्ले मारले. परंतु बिल्ल्याने जनावराची ओळख पटते, ताप कळत नाही. ज्या दूध संघाला आपल्या दुधाची काळजी आहे तो दुभत्या जनावराची खबर ठेवील. भाकड गाईची, कोरडवाहूतल्या बैलाची आणि मेंढपाळाच्या कळपाची खबर कोण ठेवणार? तेथे जिल्हा परिषदेचा श्रेणी दोनचा दवाखाना आणि त्यातला पशुधन पर्यवेक्षक हाच आधार. पर्यवेक्षकाची जागा रिकामी असेल, तर १९६२ हा क्रमांक फिरवून फिरत्या पथकाची वाट पाहणे एवढेच हाती उरते.

साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाला क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव आहे, आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयालाही त्यांचेच. येडेमच्छिंद्रच्या या शेतकऱ्याच्या नावाखाली माणसांचे आणि जनावरांचे वैद्यक असे एकत्र यावे, हा योगायोग आम्हांला आवडतो. पण पाट्यांखालच्या यंत्रणा एकमेकींना ओळखत नाहीत. ज्या गोठ्यात जनावर तापले आहे त्या घरातील माणसांची चौकशी व्हावी, आणि ज्या घरात माणूस तापला आहे तेथील गोठाही पाहिला जावा, अशी व्यवस्था नाही. आशा आणि पशुधन पर्यवेक्षक एकाच गावात हिंडतात, पण त्यांच्या वह्या कधी एका टेबलावर येत नाहीत.

मनगटावरच्या घड्याळात नाडी आणि प्राणवायू दाखविण्याचे दिवस आले आहेत. त्याला विरोध करणे वेडेपणाचे ठरेल. परंतु स्वतःच्या मनगटाकडे पाहणारा वर्ग जसजसा वाढेल, तसतसा उपकेंद्रात मोजणारे माणूस असावे असा आग्रह धरणारा आवाज क्षीण होत जाईल, ही खरी धास्ती आहे. सरकारी शाळेचे जे झाले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. शिवाय हे आकडे घड्याळातून निघून कोठे जातात, आणि उद्या विमा कंपनी त्यांच्या आधारे कोणाला नाकारील, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

कार्यकर्त्यांनी आपल्या गावापुरते काही प्रश्न हाती घ्यावेत. उपकेंद्रात चालू स्थितीतील ऑक्सिमीटर, रक्तदाबाचे यंत्र आणि हिमोग्लोबिन तपासण्याची सोय आहे काय, आणि त्यांतील सेल कोण बदलतो? २०२० च्या मोहिमेत गावातील ज्या मधुमेही आणि रक्तदाबाच्या माणसांची नोंद झाली, तिचे पुढे काय झाले? पशुवैद्यकीय दवाखान्यात किती जागा मंजूर आहेत आणि किती भरलेल्या आहेत, हे पंचायत समितीत लेखी विचारावे. गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला मिळणारा दहा हजारांचा अबंधित निधी कशावर खर्च झाला, ते ग्रामसभेत वाचून दाखविण्यास सांगावे. नसेल काही केले, तर त्या निधीतून निदान एक चांगला ऑक्सिमीटर घेऊन तो आशाच्या हाती द्यावा, आणि ती वही उतरविते त्या वेळेचा मोबदला तिला मिळतो की नाही हेही पाहावे. थर्मामीटर मात्र दोन घ्यावेत, एक माणसांचा आणि एक जनावरांचा. आणि गोठ्यातल्या थर्मामीटरला लाल दोरा बांधून ठेवावा, म्हणजे घाईत अदलाबदल होणार नाही.